पेला ठेवल्याचा आवाज

ती तबकडी मी एका कबुतराच्या बदल्यात आणली.
बापाचं कबुतर, निळ्या मानेचं, शर्यतीचं,
रविवारच्या बाजारात नामूरच्या एका माणसाला विकलं
आणि तेच पैसे म्यूझ नदीकाठच्या दुकानात मोजले.
कबुतर तिसऱ्या दिवशी आमच्या छपरावर हजर.
बापानं मला बडवलं ते चोरीसाठी नव्हे,
"एवढ्या स्वस्तात दिलंस?" म्हणून.

सतरावं सरत होतं. सेरँच्या पोलाद कारखान्यात
मी नुकताच लागलो होतो, पट्ट्या ओढायच्या विभागात.
कानात बोळे घालणाऱ्याला तिथं हसायचे.

मागची बाजू, दुसरा तुकडा.
तसा साधाच. ड्रमवर ब्रश फिरतोय, जाड तारांचा बास चालतोय,
आणि गिटार, जिला कसलीच घाई नाही.
दोन सूर वाजवते आणि थांबते,
जिना चढता चढता एखादी बाई
किल्ली घेतली का, म्हणून थांबते तशी.
त्या थांबण्यात, दोन मिनिटं चौदा सेकंदांवर,
कुणीतरी टेबलावर पेला ठेवतं.
टक्.

वादकांपैकी नाही. ऐकायला आलेलं कुणी.
वेष्टणावर चौघांची नावं आहेत, त्याचं नाही.
पण गिटारीनं ते ऐकलंय, शपथेवर सांगतो;
पुढचा सूर ती त्या टक्‌वर पाऊल देऊनच उचलते.

तो पेला कुणाचा, यात माझं आयुष्य गेलं.
आधी वाटायचं, एखाद्या मुलीचा,
जिला कुणी नाचायला विचारलेलं नाही.
संप फसला त्या हिवाळ्यात वाटलं,
रात्रपाळीहून आलेल्या माणसाचा. हात जड झालेला,
हळू ठेवायचं मनात असूनही
जमलं नाही.
नंतर काही वर्षं मी विचारच केला नाही,
फक्त वाट पाहायचो.

जोझेतला ते संगीत कधी आवडलं नाही.
बटाटे सोलता सोलता स्वयंपाकघरातून विचारायची,
"आला का रे तुझा पेला?"
"आला."
"मग जेवायला ये."
ती गेली त्या महिन्यात मी तबकडी लावली,
पेला आला,
आणि आतून कुणी विचारलं नाही.
नंतर दोन वर्षं कपाट उघडलं नाही.

परवा एलोडी आली, नात. माझ्या कानांवर
मऊ गाद्यांचं यंत्र चढवलं.
"बघा आजोबा, नवी आवृत्ती. सगळी खरखर काढलीय."
खरंच काढली होती. बासवाल्याचा श्वास नाही,
ब्रशची धूळ नाही. गिटार न्हाऊन बसलेली.
मी बोटावर सेकंद मोजत गेलो.
बारा, तेरा, चौदा,
आणि तिथं पांढरी, धुतलेली शांतता,
इस्पितळाच्या चादरीसारखी.

छान आहे, म्हणालो. पोरीनं मायेनं आणलेलं.
पण माझ्या बोटांकडे तिचं लक्ष होतं.

मग जुनी तबकडी काढली. सुई टेकवली.
आता एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही:
कानांचे डॉक्टर म्हणालेत, वरचे आवाज गेले,
कारखान्यानं नेले, ते परत यायचे नाहीत.
तेव्हा गेली कित्येक वर्षं
मी पेला ऐकतोय की आठवतोय,
हे मलाच ठाऊक नाही.
आणि साठ वर्षं सुई तिथूनच गेलीय,
खाच तरी किती टिकेल?

एलोडीला काहीच सांगितलं नाही. कुठं, काय,
एक शब्द नाही. ती खिडकीशी उभी,
पलीकडं थंड पडलेल्या भट्ट्यांकडे बघत.
गिटार जिन्यावर थांबली.
मला ऐकू आलं ते माझ्याच रक्ताचं.
पण पोरीनं मान वळवली,
झटकन,
दारात कुणी आल्यासारखी.