पाण्यात पाहणे

आधी वाटलं, सावली आहे.
अनुबियाच्या पानाच्या कडेला काळपट रेघ,
कुणी काजळाचं बोट फिरवून विसरल्यासारखी.
आठवड्याने रेघेला केस फुटले.
महिन्याने दाढी.

टाकी माझी नव्हे. शेजारच्या मॉरीनची,
म्हणजे तिच्या केनची.
तो गेल्यावर तिने ती माझ्या घरी पोचवली,
अर्धं पाणी बादल्यांत, मासे आइस्क्रीमच्या डब्यात,
आणि वर एवढंच, "तुला औषधांतलं कळतं ना."

कळतं. हलच्या इस्पितळात सोळा वर्षं
दुसऱ्यांच्या पोरांचे मिलिलिटर मोजतेय.
सिरिंजमध्ये पेरॉक्साइड ओढलं, फिल्टर थांबवला,
पाण्याखाली थेंब थेंब सोडलं त्या दाढीवर.
मरताना गुलाबी होतं हे शेवाळ,
लाजल्यासारखं. मग पांढरं.
जिंकले म्हणून त्या रात्री दोन पापड भाजले.

नंतर लाकडावर पुन्हा.

दिव्याचे तास अकरावरून सहावर आणले.
पडदा ओढला, तसं हलच्या नोव्हेंबरात ऊन म्हणजे
चारलाच शटर खाली ओढणारा दुकानदार.
दर रविवारी बादल्या. इथलं पाणी चुन्याचं,
किटलीला पांढरी साय धरणारं.
कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे मोजले,
सेकंदाला एक, नाडी धरल्यासारखे.
शेवाळ खाणाऱ्या कोळंब्या आणल्या, काचेच्या अंगाच्या, सहा.
आई फोनवर म्हणाली, "सहाच? त्यात कसलं कालवण?"
त्यांनी शेवाळ सोडून सगळं खाल्लं.

एखाद्याला पाण्यात पाहणं म्हणजे नेमकं काय
ते मला तेव्हा कळलं.
संध्याकाळी कोटसुद्धा न काढता
काचेला नाक लावून मी त्याला पाण्यात पाहायचे.
तेही पाहायचं मला,
केस मोकळे सोडून, सावकाश डुलत.

कुठेतरी पाणी मुरत होतं.
नायट्रेटच्या नळीतला लालभडक रंग
स्वच्छ सांगत होता, इथे कुणीतरी जेवू घालतंय.
मी तर दिवसाआड चिमूटभर टाकते.

एका मंगळवारी डोकं ठणकलं, दुपारीच घरी आले.
दारात तिचे बूट, जोडीने, नीट.
(पार्सलांसाठी एक किल्ली तिच्याकडे असते.)
खुर्ची टाकीजवळ ओढलेली.
"ढकलाढकली नको, सगळ्यांना मिळेल,"
ती माशांवर खेकसत होती
आणि डब्याच्या बुडावर बोटाने ठोकत होती,
दोनदा, थांबून एकदा.
मासे त्या आवाजाला वर आले.
माझ्या बोटांना ते कधीच येत नाहीत.

मी आल्या पावली बाहेर पडले.
कोपऱ्यावर हलचा तो सायीच्या रंगाचा फोनबूथ,
त्यात वीस मिनिटं उभी राहिले
रिसीव्हर कानाला लावून.
पलीकडे नुसता सूर.

तेव्हापासून मी खायला घालत नाही.
मोठा डबा कपाटात, धुण्याच्या पावडरीमागे.
टाकीशेजारी एक छोटा ठेवते, बुडाला पत्रा असलेला, वाजणारा.
त्यात रविवारी रात्री आठवड्याचं मोजून भरते,
सात चिमटी, वर अर्धी
तिचा हात सैल आहे म्हणून.

मार्चपर्यंत मात्रा लागू पडली.
रोटालाला तांबूस शेंडे आले.
मॉरीन काचेवरून बोट फिरवून म्हणाली,
"केनला कधी जमलं नाही हं हे.
काय केलंस तरी काय?"
पेरॉक्साइड, म्हटलं.

लाकडाच्या मागच्या अंगाला
अंगठ्याएवढा झुबका अजून आहे.
कात्री पोचते तिथवर.
बघू, रविवारी.