लाभ

हिरण्यकेशीच्या अलीकडं, हायस्कूलच्या पटांगणात
दुसऱ्या दिवशी सलोखा मेळावा होता.
कमिटी दुपारपासून बसलेली, कापडी फलक पुढ्यात घेऊन:
वरची ओळ कुणाची?
कन्नड वर, का मराठी वर,
आणि उर्दूला कडेला किती बोटं जागा?
ईरण्णा चित्रगार कुंचला भिजवायचा, पुसायचा, परत भिजवायचा.
तिसरा चहा झाला.
कापड कोरंच.

मी उठून मागं आलो, चुलाणांकडं.

तिथं घराघरांतनं आलेल्या भाकऱ्या,
फडक्यांत, बुट्ट्यांत,
एका पोराच्या तर दप्तरातसुद्धा, भूगोलाच्या पुस्तकाला चिकटून.
दहा-दहाच्या चवडी लावून
तीन बायका मोजायला बसलेल्या.
"मास्तर, तुमी रेघा वडा," शेवंता मोकाशी म्हणाली,
"आमी म्हणताव."

निळव्वा हत्तरकीनं पहिली चवड उचलली.
म्हणाली, "लाभ."
मी पेन्सिल धरून थांबलो.
"एरडू," ती म्हणाली. मी रेघ ओढली.
मूरू, नाल्कू, ऐदू. हात भरून आला तसं
परडं शेवंताकडं सरकवलं.
"सा," शेवंता म्हणाली, जराही न अडखळता,
जसं एकीच्या तोंडातला घास दुसरीनं गिळला.
मध्येच मेहरूनबी जमादारनं पदर खोचत विचारलं,
"सात हुए ना?"
"एळू," निळव्वा म्हणाली.
"मंग त्येच की."

मी रेघा ओढत होतो.
रेघेला भाषा नसते, हे बरं.
याच हातानं, सोळाव्या वर्षी,
स्टँडवर डांबराचा डबा धरला होता मी.
फासलं दुसऱ्यांनी; मी नुसता डबा धरला,
असं अजून सांगतो कुणी विचारलं तर.
सकाळी ईरण्णाचा बाप आला, रॉकेलनं पाटी पुसली,
अक्षरं परत काढली, गोल गोल, जिलबीसारखी.
वर्षानं दुसऱ्या बाजूच्या पोरांनी आमच्या पाटीला फासलं.
तीही त्यानंच पुसली.
दोन्हीकडनं पैसे मिळाले, ईरण्णा हसून सांगतो,
बापाच्या बोटांचा वास तेवढा
शेवटपर्यंत गेला नाही.

दुसरा ढीग मेहरूनबीनं सुरू केला. "बरकत," म्हणाली.
तिसरा शेवंतानं. पुन्हा "लाभ."
मी दोन्ही वेळा थांबलो, मान डोलावली,
देवाचं नाव घेताना डोलावतात तशी.

शेवटी बेरीज केली.
"नऊशे सत्तर," मी म्हणालो.
"हजार," शेवंता म्हणाली.
"साविर," निळव्वा म्हणाली, आणि मेहरूनबीनं
नुसती माझ्या वहीकडं बघून भुवई उडवली.
तीस भाकऱ्या कुठं गेल्या?
दप्तर झटकलं. कुत्र्याकडं संशयानं बघितलं.
मग निळव्वानं माझ्या रेघांवर बोट फिरवलं
आणि तोंडाला पदर लावून हसायलाच लागली:
"मास्तर, मोदलंदू? पयली धरलीच न्हाई व्हय?"

पहिलीला एक म्हणत नाहीत.
एक म्हटलं की धान्य एकटं पडतं,
असं तिची आई सांगायची, हुक्केरीच्या शिवारात, राशीपुढं.
"माझीपण," शेवंता म्हणाली.
मेहरूनबी म्हणाली, तिची सासू.
तीस वर्षं शाळेत पाढे शिकवले मी,
रोज सकाळी, एकपासून.

तीन रेघा ओढल्या. सावकाश.

पुढं कमिटीचा आवाज चढलेला.
ईरण्णा कानावर कुंचला खोचून मागं आला,
न विचारता वरची भाकरी घेतली, त्यावर शेंगाचटणी,
आणि उकिडवा बसून खाऊ लागला.
"हजारला एक कमी," मेहरूनबी म्हणाली.
"लिव्ह की," तो म्हणाला, तोंड भरलेलं.

फलक रात्री उशिरा लागला.
वरची ओळ कुणाची होती, मला आठवत नाही.
आठवते.
सांगत नाही.