तर

वेंगुर्ल्यात, बंद पडलेल्या काजूच्या फॅक्टरीत
तालीम चालली होती एका नव्या संगीतिकेची :
तीन वाद्यं, दोन गळे, एक बाकडं.
मला बोलावलं पायपेटीसाठी.
खाऱ्या वाऱ्यानं सूर उतरले होते,
आणि मंद्रातला एक धैवत
बोट उचललं तरी रडत राहायचा.

मी मागच्या भिंतीशी पेटी उघडून बसलो.
भिंतीला अजून टरफलांच्या तेलाचा वास.

गोष्ट साधी आहे, शर्वाणी म्हणाली
(कुडाळची पोर, चाली तिच्या, शब्दही तिचेच) :
खाडीवर तरीची तिकिटं फाडणारी एक बाई.
एका रात्री धक्क्यावर कुणी धापा टाकत आला,
खांद्यावर तापानं फणफणलेलं पोर.
हिला घरी जायची घाई.
कंदील मालवता मालवता म्हणाली,
'तर गेली. फाल्यां ये.'

तर गेली नव्हती.
दोरी खुंटालाच होती.

पुढे खाडीवर पूल झाला,
धक्क्याला शेवाळ आलं,
हिच्या तोंडात तेवढा एकच शब्द उरला.
थांबले असते तर.
दोरी सोडली असती तर.

मोहिनी गिरप ती बाई गाते.
अठरा वर्षं ह्याच शेडमध्ये बिया फोडल्या तिनं
बोटांना राख चोळून.
तेलानं गेलेली कातडी परत आली,
रेषा नाही आल्या.
रेशनच्या दुकानातलं यंत्र अंगठा ओळखत नाही
हे ती हसत सांगते.
दुसरा गळा पास्कोलच्या नातीचा :
तीच बाई, आतली, फक्त विचारणारी.
पास्कोल व्हायोलिनवर भरती आणतो, ओहोटी नेतो.
आणि लाडू गावकर, ज्यानं जन्मभर
दशावतारातले राक्षस नाचवले मृदंगावर,
आता करंगळीनं वल्ह्याचा आवाज काढतो.
त्याला ते जड जातं. घाम येतो.

शेवटच्या प्रवेशात मोहिनीनं
तार षड्जावर म्हणायचं असतं :
'मी मला क्षमा केली.'
चार दिवस ती तिथवर येते
आणि थांबते.
सूर चुकत नाही. शब्द घशात आडवा होतो.
'असा आपणाकच कोण सांगता?' ती म्हणते,
'क्षमा मागूक समोर कोणतरी व्हया.'
कुणी काही बोलत नाही.
बाहेर मासळीचा टेम्पो हॉर्न देत जातो.

मी तेव्हा पितळेची रीड खरवडत होतो.
सूर चढवायचा तर टोकाशी खरवडायचं,
उतरवायचा तर मुळाशी.
भर कुठेच घालता येत नाही,
बाबांनी शिकवलं होतं.
त्यांचा शेवटचा फोन मी वाजू दिला,
हातात अशीच एक रीड होती म्हणून.
वाजून वाजून तो आपला आपण थांबला.

पाचव्या दिवशी ती पुन्हा तिथवर आली.
वरच्या सा कडे गेलीच नाही.
खाली उतरली, मंद्रात, माझ्या धैवताशेजारी,
बाकड्यावर सरकून जागा केली
आणि त्या आतल्या, विचारणाऱ्या बाईला म्हणाली,
जवळजवळ बोलल्यासारखं :
'आज नाय जमणा गो.
फाल्यां ये.'

तेच शब्द.
पण कंदील तिनं मालवला नाही.

पास्कोलचा गज हवेत तसाच.
शर्वाणीनं वही ओढली, पेन्सिल शोधली,
मग नुसतीच बोटांत धरून बसली.
पेटीवरचं बोट उचललं गेलं,
धैवत थांबला, जिथे थांबायला हवं तिथे.

मी हत्यारं फडक्यात गुंडाळली.
पैसे किती, शर्वाणीनं विचारलं.
उद्या येतो, म्हणालो.
पेटीत आता दुरुस्त करण्यासारखं
काही उरलं नव्हतं.