काठ

वडगावात, मागाच्या खोलीवरच्या माळ्यावर,
जिथं धोट्यांची पेटी असायची त्या कोनाड्यात
सर्व्हर ठेवलाय.
अनगोळच्या एका शाळेनं भंगारात काढलेला,
पंख्यात अजून खडूची भुकटी.

खालून इराप्पा, माग न थांबवता:
"काय करूलालायस रे वर?"
"घर बांधूलालोय. डिझाइनांना."
"भाडं?"
"लाइटबिल तेवढं."

आमची नक्षी आधी पुठ्ठ्याच्या भोकांत राहायची,
मग फ्लॉपीत,
मग दूरच्या एका कंपनीच्या कपाटात.
तिनं एका बुधवारी कुलूप बदललं
आणि रुईफूल, कोयरी, आजोबांची गोमी
सगळं आत.

रात्री अकराला सर्व्हरनं नाव विचारलं.
स्वतःचं. एकच शब्द, मध्ये जागा नको.
बेळगाव लिहू की बेळगावी?
बोट तसंच कळीवर.
एवढ्यावरून इथं पाट्यांना काळं लागतं.
खाली मागाची खटखट, साडी संपत आलेली.
लिहिलं: काठ.

राउटरला म्हटलं, एक दार उघड.
दोनदा नाही म्हणाला.
तिसऱ्यांदा उघडलं आणि लाइट गेली,
यूपीएस टिटवीसारखा ओरडत राहिला.

चार दिवस कुणी आलं नाही.
पाचव्या दिवशी रबकवीहून नीलव्वा मुरगोड.
म्हणजे ती आली नाहीच;
तिच्या बापाच्या ऑफिसातल्या तिच्याच मशीनवरून
माझ्या फायलीत एक भोक सरकवून पाठवलं.
ओळ दोनशे चौदा. खाली कन्नडमध्ये:
इथं धागा तुटतो, आमचाही तुटायचा.
माझ्याकडे खातं नाही तिचं. लागतही नाही.

त्याच संध्याकाळी इचलकरंजीच्या सत्तार मोमीननं
तीच ओळ वेगळी बदलली.
पडद्यावर कॉन्फ्लिक्ट.
दोघांच्या ओळी एकाखाली एक,
मध्ये बरोबरच्या चिन्हांचं कुंपण,
आणि विचारणा: कोणती ठेवू?

इराप्पाला वर बोलावलं.
चष्मा पुसला, दोन्ही ओळी बोटानं मोजल्या,
भोकं हं, अक्षरं नव्हेत.
"ह्यात भांडण कुठाय?
एक डावीकडं घाल, एक उजवीकडं.
गंगा-जमना काठ कर की."
आणि जिना उतरला, बॉबीन भरायची होती.

कुंपणाची चिन्हं मी एकेक करून खोडली.
कमिट.

सकाळी माग लागला.
दोन्ही काठ नीट उतरले, धागा तुटला नाही.
तिसऱ्या वारात पोटात एक चूक निघाली,
आडवी, नखाएवढी.
ती माझी होती.