कोळ्याची नोंदवही

बोट विकली तेव्हा लॉइड टिंडेलने
एवढंच ठेवून घेतलं: नोंदवही, निम्मी कोरी.
तारीख, ठिकाण, जाळं, वजन.
चार रकाने, निळ्या रेघा, डिझेलचा वास.

आता तो त्यात कोळी लिहितो.

मुलगी म्हणते, बाबा, निदान पक्षी तरी धरायचे.
पण पक्षी थांबत नाहीत. कोळी थांबतो,
आणि थांबणं लॉइडला कळतं.
त्रेचाळीस वर्षं इलुकाच्या धक्क्यावरून निघून
क्लॅरन्स नदीच्या मुखाशी, कोळंबीच्या वाटेवर,
दुसरं केलं काय?

फोटो मात्र हलतात. डावा अंगठा
सत्त्याऐंशी साली विंचमध्ये सापडला होता,
तो अजून स्वतःच्याच लाटेवर असतो.
पहिले साठ फोटो: धुकं. धुकं. स्वतःचा बूट.
एकसष्टावा: कपड्यांच्या दोरीवरचा चिमटा,
अतिशय स्पष्ट.

*१२ मार्च. कुंपण, उन्हाची बाजू.
जाळं चाकासारखं, मधोमध नागमोडी पांढऱ्या टाक्यांची फुली.
पाय दोन-दोन जोडून बसली आहे, चारच वाटतात.
पोटावर पिवळे पट्टे. पुस्तकात सापडली.
वजन: उचललं नाही.*

*१९ मार्च. लिंबाचं झाड. पक्ष्याची विष्ठा.
२० मार्च. तीच विष्ठा, वीतभर वर.
दुरुस्ती: कोळी.*

*२७ मार्च. शेडची भिंत, आतून. तपकिरी, मोठा.
डोळे मोजले, सहा. परत मोजले, आठ.
जोसलिन म्हणते ते खिळे आहेत.*

खतकुंड्याजवळच्या करड्याचा फोटो, जेमतेम मुगाएवढा,
त्याने सिडनीच्या संग्रहालयात धाडला.
उत्तर आलं, फार अदबीचं:
फोटोवरून कुळापर्यंत पोचता येतं, पुढे नाही.
नमुना मद्यार्कात घालून पाठवावा,
सूक्ष्मदर्शकाखाली नक्की सांगता येईल.

लॉइडने मुरंब्याची बरणी धुतली, पुसली, उन्हात उपडी घातली.
जन्मभर ज्याला ज्याला नावाने ओळखलं
त्याला बर्फातच ओळखलं होतं,
पेट्या भरभरून, पहाटेच्या लिलावाला.
त्यात काही वाईट नव्हतं, आजही वाटत नाही.

तरी त्या बरणीत सध्या
कपड्यांचे चिमटे आहेत.

मग एप्रिलात, रात्री, बागेच्या नळापाशी,
ती.

काटकीसारखी लांब, उलटी, दोऱ्यावर टांगलेली,
पुढच्या चार पायांत ताणून धरलेला
पोस्टाच्या तिकिटाएवढा निळसर पाग.
खाली पानावर नेम धरायला
स्वतःच टाकलेले पांढरे ठिपके.
लॉइड गुडघ्यांवर बसला. गुडघे बोलले.
फासे बघितले. एकसारखे, लोकरीसारखे मऊ.
आयरिसने दिव्याखाली बसून विणलेले आठवले,
आणि मनात म्हणाला, माफ कर गं,
हिचे अधिक बरे आहेत.

मुंगी आली. पाग पडला. किती वेळात?
वेळ लागलाच नाही.

नवा पाग विणून ती पुन्हा ताणून बसली.
त्याने कॅमेरा वर केला, आणि तेव्हा पुस्तकातलं आठवलं:
हिचे दोन डोळे मोठे, अंधारासाठी घडवलेले,
आतला नाजूक पडदा रोज उजाडताना मोडतो,
रोज तिन्हीसांजेला ती नवा घडवते.
आजचा तर ताजा असेल.

बोट फ्लॅशच्या बटणावर होतं.
तो अंगठा, तो सुद्धा, क्षणभर स्थिर.
फ्लॅश बंद करून त्याने फोटो काढला.

*९ एप्रिल, रात्री ८:४०. नळाजवळ, जमिनीपासून वीतभर.
जाळं: पाग.
फोटो: काळा.
ओळख: पटली.*

वजनाच्या रकान्यात पेन टेकवलं, तसंच राहिलं,
शाईचा एक ठिपका पडला.

आतून जोसलिन ओरडली,
बाबा, दार लावा, डास येतायत!

येऊ देत, तो म्हणाला, हळूच,
येऊ देत.