पुढचं डावं

दिवाळी सरली की कासचा रस्ता कोरडा होतो,
फुलं बघायला आलेल्या गाड्यांखाली दबलेलं गवत
हळूहळू पिवळं पडतं,
आणि मी जीपची चिखलाची चाकं उतरवते.
बामणोलीच्या दवाखान्यामागे, जॅकवर.
महिपती पान्यावर उभा राहून एकेक नट सोडतो,
गवतात ठेवतो. पाचातले चार सापडतात,
पाचवा कोंबडी उकरून देते.

जूनमध्ये घातलेली ही चार, खोल दातांची,
दातांत अजून तांबडी माती, एक खेकड्याची नांगी.
आता डांबराची चार बसली.
चिखलाची मागे टाकली, दोनावर दोन, आडवी,
इंजेक्शनांच्या पेटीला टेकवून,
गोडोलीला दस्तगीर मुलाण्याकडे न्यायची म्हणून.
तो मशीन लावून बदललेल्या चाकांचे नंबर
गाडीला शिकवतो.

चाकाच्या आत बोटभर सेन्सर असतो,
त्याला आठ अक्षरांचं नाव असतं,
आणि गाडी ओळखीच्या नावाचंच ऐकते.
आमच्या म्हशींच्या कानातला पिवळा बिल्ला असतो ना, तसं.
म्हैस बाजारात विकली जाते, बिल्ला तोच,
आणि रजिस्टरात ती अजून
जुन्या मालकाच्या दावणीला रवंथ करते.

निघाले. पठार लागलं तसे पडद्यावर आकडे उमटले.
अठ्ठावीस, अठ्ठावीस, सत्तावीस, अठ्ठावीस.
बरं वाटलं. म्हटलं, गाडीच हुशार,
आपली आपण शिकली.
दस्तगीरचे पाचशे वाचले.

यवतेश्वरच्या उतारावर स्टिअरिंग डावीकडे ओढू लागलं,
आधी जरासं,
मग दावं तोडायला निघालेल्या वासरासारखं.
पडदा शांत. अठ्ठावीस.
दोन वळणं मी पडद्याचं ऐकलं.
(हे महिपतीला सांगितलेलं नाही.)
तिसऱ्या वळणावर रबराचा वास आला.

पुढचं डावं बसलं होतं,
व्यायल्यावर बसते तशा म्हशीगत,
शेपूट पिरगळली तरी न उठणाऱ्या.
समोर अजिंक्यतारा, खाली उन्हात चकाकणारे पत्रे.
गेज लावला. नऊ.

मग मागचं दार उघडलं.
ती चार पेटीशेजारी पडलेली,
महिनाभर निजायची सोडून
घाटाच्या गचक्यांनी जागी झालेली.
बामणोलीपासून तीच बोलत होती,
आम्ही बरे आहोत, आम्ही बरे आहोत.
खोटं कुठे होतं? अठ्ठावीस हवा मीच भरलेली, जूनमध्ये.
चिखलाला अठ्ठावीस, डांबराला तेहतीस,
झोपेतून उठवलं तरी सांगेन.
आकडा ओळखीचा निघाला
आणि मी विचारलंच नाही, कुणाचा.

दुधाच्या टेम्पोवाल्याने स्टेपनी बसवून दिली,
पैसे घेतले नाहीत, गाय फिरून माजावर येते त्यावर
औषध विचारलं.

दस्तगीर हसला नाही. वहीत आठ नंबर उतरवून घेतले,
चार एका पानावर, चार दुसऱ्या,
आणि चिखलाच्या चाकांवर खडूने लिहिलं,
पु.डा., पु.उ., मा.डा., मा.उ.
"बाई, दुसरा जोड गाडीत घालून हिंडू नगा.
एक मेलं तरी दुसरं हूं हूं करतंय."
मग नळी गुंडाळता गुंडाळता,
"म्हनत असाल तर दोन्ही जोडांस्नी एकच नंबर घालतो.
गाडीला फरक कळायचा न्हाय.
दर सालचा हेलपाटा वाचंल तुमचा."
मी किंमत विचारली. त्याने सांगितली. परवडणारी होती.
नको म्हटलं. यंदा तरी नको.

परतताना घाट चढून गेल्यावर
पडद्यावर चारही पस्तीस,
चाकं तापली की दोन वाढतातच.
तरी देवळापाशी गाडी बाजूला घेतली,
टॉर्च तोंडात धरून उकिडवी बसले.
पुढचं डावं चौतीस.
गेज जुना आहे माझा.
एकासाठी काही मागे फिरले नाही.