गुरुवार, साडेपाच

वहीच्या शेवटच्या पानावर मी वार खोडत बसले.
शनिवार नको, बेनापूरला कुस्त्या.
रविवार नको, पोरी घरच्या भुईमुगात.
बाजाराचा वार तर नकोच.
उरला गुरुवार,
डब्यात उरलेल्या अर्ध्या भाकरीसारखा.
तोच घेतला.

प्राचार्य म्हणाले,
"बास्केटबॉल? विट्यात? बघाय कोण येणार, मॅडम?
कबड्डी ठेवा, गर्दी आवरणार नाही."
मी म्हटलं, सर, आवरण्याइतकी नकोच आहे.
चाळीस खुर्च्या भरल्या तरी पुष्कळ.
चार हजार दोनशे मंजूर झाले,
सहीखाली एक प्रश्नचिन्ह.

फ्लेक्सवाल्यानं 'बास्केट' आणि 'बॉल' यांच्यामध्ये
एवढी जागा सोडली
की मध्ये एक आमदार बसेल.
भडंगाची दहा किलोची ऑर्डर,
लिंबू सरबत संघाच्या घरून,
माइक मुबीना शिकलगारकडे,
कारण कर्णधार तीच आणि आवाजही तिचाच.
आरशासमोर सराव करते म्हणे :
"आणि आता चेंडू... आणि आता चेंडू..."
पुढचं तिला अजून सुचलेलं नाही.

कोइमतूरचे गलाईवाले उत्तमशेठ गणपतीला गावी आले होते,
म्हणाले, नवा बोर्ड देतो, पण नाव पाहिजे मधोमध.
मी म्हटलं, शेठ, चेंडू नावावरच आपटणार.
"आपटू दे की. आमचं नाव
आगीतनंच निघालंय, चेंडूला काय भितंय?"
बोर्ड आला. नाव आलं.
जाळी मात्र आली नाही.

मग तातोबा शिपाई आठवला.
बैलांची मुसकी विणायचा पूर्वी,
आता बैल मोजून चार, बोटं मोकळी.
"तोंड केवढं?" त्यानं विचारलं.
अठरा इंच.
"बया! कुठला बैल म्हणायचा ह्यो?"
आणि खालून उघडी ठेवायची, तातोबा.
तो दोरी हातात धरून तसाच थांबला.
"खालनं उघडी? मग अडवायचं काय तिनं?"
अडवायचं नाही.
क्षणभर धरायचं. मग सोडायचं.
तो काही बोलला नाही,
पण पहिली गाठ मारताना
मान हलवली, समजल्यासारखी.

खरं सांगायचं तर ह्या चाळीस खुर्च्या,
हे भडंग, हे मांडववाल्याकडून उसने आणलेले दोन हॅलोजन,
एका पोरीसाठी आहेत.
लेंगऱ्याची अपेक्षा जानकर, दहावी ब.
जूनमध्ये एसटीत पाहिली.
एका म्हातारीचं बोचकं
तिनं वरच्या फळीवर ठेवलं
टाचा न उचलता.
आणि मग लगेच वाकून बसली,
उंचीची चोरी पकडल्यासारखी.
शाळेत शेवटच्या बाकावर,
फोटोत मागच्या रांगेत,
घरी दाराच्या चौकटीला सवयीनं मान तुकवून.

तिच्या शाळेला पत्र गेलंय : सर्व विद्यार्थिनींना आमंत्रण.
'सर्व' हा शब्द मी मुद्दाम ठळक केला,
म्हणजे तिला वाटणार नाही
कुणी तिलाच शोधतंय.

पाहुण्यांच्या यादीत पहिली रांग :
प्राचार्य, उत्तमशेठ, सरपंच,
आणि चौथ्या खुर्चीवर
खडूनं लिहिलंय, 'अपेक्षाची आई'.
बापाला भेटले होते.
"पोरीच्या जातीला उड्या कशाला?" म्हणाले.
आई आतून ऐकत होती,
चहा देताना कप थोडा जास्तच वर धरला तिनं.
तेव्हा पाहिलं,
तीसुद्धा चौकटीतून
मान तुकवून बाहेर आली होती.

उद्या गुरुवार.
तातोबानं स्टुलावर चढून जाळी बांधली,
खाली उतरून माझ्याकडं बघत म्हणाला,
"टाका की एक."
मी पदर खोचला.
चेंडू उत्तमशेठच्या 'शे'वर आपटला, कड्यावर फिरला,
आणि मुसक्याच्या गाठींत
एवढासा थबकला.